हैबतीची दाढ

जमिनीखालच्या पेवात धान्य साठवणाऱ्या एका गावात हैबती नावाचा पारखी राहत होता. ज्वारीची मळणी झाली की गावाचे सामाईक पेव भरायचे. भरण्याआधी प्रत्येक राशीतला एक दाणा हैबतीने दाढेखाली फोडायचा, असा रिवाज होता. दाणा 'कट्' वाजला की रास वाळलेली. नाही वाजला की आणखी चार दिवस उन्हात. या निकालावर अपील नव्हते.

रिवाजामागे एक वाईट वर्ष होते. हैबती लहान असताना कुणाची तरी ओली रास पेवात गेली. श्रावणात पेव उघडले तेव्हा सगळ्या गावाची ज्वारी काळी पडून कुबटली होती. हैबतीची आई तो दाणा सात पाण्यांनी धुवायची, तरी भाकरीचा वास जात नसे. धाकटी बहीण घास पुढे केला की तोंड फिरवायची. पुढे तीस वर्षे दाणा फोडताना हैबतीला ते फिरवलेले तोंड आठवे, आणि आवाज नीट ऐकल्याशिवाय तो मान हलवत नसे.

अशी ही नामांकित दाढ. तिने निदान एखाद्या खड्याशी झुंजून पडायला हवे होते. ती पडली होळीच्या दिवशी, पुरणपोळीत.

हैबतीने ती चिंधीत बांधून भिंतीतल्या दिवळीत ठेवली आणि कुणाला सांगितले नाही. एकटा असला की त्याची जीभ त्या रिकाम्या जागी जाऊन बसे, विकलेल्या घराच्या ओट्यावर जुना मालक बसावा तशी. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने मथुरेसमोर भाजलेले हरभरे एकामागून एक फोडून दाखवले होते. ती पदर तोंडाला लावून हसली होती. बायकोवर छाप पाडायला तेवढे एकच साधन त्याच्यापाशी होते.

"हल्ली भाकरी दुधात कुस्करता," एके दिवशी मथुरा म्हणाली.

"वय झालं. दुधाची गोडी लागली."

"इतकी वर्षं दुधाचं नाव काढलं की नाक मुरडायचात."

त्याने वाटीत मान घातली. मथुरेने त्यात आणखी दूध ओतले.

त्या वर्षी खळ्यावर दोनदा अवकाळी सरी येऊन गेल्या होत्या. पेव भरायच्या दिवशी सारा गाव जमला. पहिली रास कोंडिबाची. हैबतीने दाणा दुसऱ्या बाजूला धरला. त्या बाजूच्या दाढा नुसत्या हजेरीपुरत्या उरल्या होत्या. दाणा निसटून जिभेखाली गेला. आवाज काही झाला नाही. हैबतीने वर पाहिले आणि आता काय सांगावे, याचा विचार करू लागला.

तेवढ्यात पाटलांनी मांडीवर थाप मारली. "दाढ वाजली! काय खणखणीत वाजली!"

"शिवारात ऐकू गेली असेल," कोंडिबा म्हणाला.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग हैबतीनेही डोलावली. दुसऱ्या राशीला तेच झाले, तिसऱ्या राशीलाही तेच. हैबतीने तीन दाणे अख्खे गिळले आणि तीन वेळा गावाने आवाज ऐकला. हे असेच चालले असते तर श्रावणापर्यंत त्याला कोणी विचारणार नव्हते.

कोंडिबाची पहिली पाटी पेवाच्या तोंडाशी आली. पेवातून मातीचा गार वास वर आला. हैबतीला आईचे हात दिसले, सातव्यांदा पाणी बदलणारे. बहिणीचे तोंड दिसले.

"थांबा!" तो ओरडला. "पाटील, तुम्ही आवाज ऐकलात?"

"ऐकला म्हणजे? साऱ्या गावानं ऐकला."

"मग तो कुठून आला तेवढं बघा," असे म्हणून हैबतीने सगळ्यांपुढे आ वासला.

पाटलांनी वाकून पाहिले. मागचे लोक पुढच्यांच्या खांद्यावरून डोकावले. मग एक जण हसला आणि मग सगळेच हसले. हैबतीने मान खाली घातली, पण पाटीसमोरून तो हलला नाही.

"मग आम्ही ऐकलं ते काय?" पाटील जरा चिडूनच म्हणाले.

"सवय," हैबती म्हणाला.

बायकांच्या घोळक्यातून मथुरा पुढे आली. "हसून झालं असेल तर ऐका. ह्यांची दाढ गेली, कान जाग्यावर आहेत. ज्याचा दाणा त्यानं फोडावा. ह्यांनी ऐकावं."

कोंडिबाने आपला दाणा दाढेखाली धरला. गाव पहिल्यांदाच खरोखर गप्प झाला. हैबतीने डोळे मिटले.

"वाजला का रे?" त्याने कोंडिबाला विचारले.

"नाही," कोंडिबा हळूच म्हणाला. "चेपला."

त्याची रास आणि आणखी दोन राशी उन्हात परत गेल्या.

घरी आल्यावर हैबतीने विचारले, "तुला कधी कळलं?"

"होळीलाच. पोळी तोंडात असताना तुम्ही कधी गप्प बसला आहात का?"

"मग बोलली का नाहीस?"

"पेवाच्या तोंडाशी तरी तुम्ही बोलाल असं वाटलं. नसतात बोलला, तर मी बोलणारच होते."

श्रावणात पेव उघडले. ज्वारी मोत्यासारखी निघाली. मथुरेने पहिली भाकरी थापली. हैबतीने ती ओट्यावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, दुधात कुस्करून खाल्ली.

तात्पर्य: आपले उणे उघड करणाऱ्याला गाव एक दिवस हसतो, पण ते झाकणाऱ्यापायी साऱ्या गावाला वर्षभर कुबट भाकरी खावी लागते.