म्हसोबाचा कांदा

"टर्बो बसवला तर चढंल का, उस्ताद?"

नबीलाल मिस्त्री बशीतला चहा फुंकत राहिले.

घाटाच्या पायथ्याशी, पिराच्या दर्ग्यामागच्या खोलीत ते राहत. गॅरेज बंद करून दहा वर्षं झाली होती, तरी आसपासचे ड्रायव्हर अजून त्यांनाच गाडी दाखवायला यायचे. सर्जेराव तर त्यांचा शिष्यच. त्याच्या हातात पहिलं स्टिअरिंग दिलं ते मिस्त्रींनी, आणि डोक्यात पहिली टपली मारली तीही त्यांनीच.

सर्जेराव ड्रायव्हर चांगला होता. हे सगळ्या गावाला माहीत होतं. बहुतेकांनी ते त्याच्याच तोंडून ऐकलं होतं.

"टर्बो नको तर पंप वाढवतो," तो म्हणाला. "डिझेल जास्त सोडलं की ताकद येती म्हणत्यात. नायतर मोठा नोझल टाकू. नायतर सरळ पायपाचा सायलेन्सर, भंगारबाजारात स्वस्तात गावतोय. पैसं बेताचंच हायती, उस्ताद. यातलं एकच काय ते जमंल. तुम्ही सांगाल ते करतो."

"गाडीला झालंय काय?"

"चाफ्याच्या वळणावर दम सोडती."

"कधीपासनं?"

सर्जेराव दर्ग्याच्या भिंतीकडे बघत राहिला.

"वरीस झालं…"

त्याच्या बायकोला, शालनला जाऊनही वर्षच झालं होतं. मिस्त्रींना ते ठाऊक होतं. मातीला ते गेले होते.

वीस वर्षं दर मंगळवारी नवरा-बायको या पिकअपमध्ये कांद्याची पोती घालून घाटमाथ्यावरच्या बाजाराला जायचे. आता तो एकटा जायचा. चाफ्याच्या वळणावर गाडी बंद पडली की खाली उतरायचा, चाकामागे दगड लावायचा, निम्मी पोती रस्त्याकडेला उतरवायचा. मागचे दोन मंगळवार तर तो तिथूनच माघारी फिरला होता.

"पोरगा म्हणतोय, इकून टाका. रविवारी भंगारवाला येणार हाय बघायला."

"मग इक."

"उस्ताद…"

पन्नाशी उलटलेला, मिशीला पीळ देणारा गडी, पण त्याने पोरासारखा मिस्त्रींचा हात धरला.

"घरात तिचं कायबी ऱ्हायलं न्हाई बघा. पोरानं भिंती रंगवल्या, सुनंनं भांडी बदलली. त्यांची चूक न्हाई, त्यांचा संसार हाय. पर गाडीत बसलं की वाटतं, बाजूला हाय ती. आत्ता कायतरी बोलंल. घाट चढली तर ठेवा म्हणलाय पोरगा. मला ती एवढी चढवून द्या."

मिस्त्री गुडघ्यावर हात देऊन उठले.

बॉनेट उघडलं. इंजिन चालू करायला लावलं, कान दिला, धूर पाहिला. एअर फिल्टर बाहेर काढला. त्यात मूठभर माती होती. मिस्त्रींनी ती पाहिली आणि फिल्टर न झटकता होता तसाच परत बसवला.

"बाजारात गेलास की ह्यो नवा घे. टॅपेट सेट कर. टायरात हवा भर."

"आणि?"

"आणि काय न्हाई."

"एवढ्यानं काय व्हतंय, उस्ताद?"

"थोडं हलकं पळंल. पंप वाढवलास तर नुसता धूर सोडंल. टर्बो लावलास तर हे म्हातारं इंजिन चार दिवस उड्या मारंल आणि पाचव्या दिवशी बसंल."

"मग तिची ताकद गेली कुठं?" सर्जेराव आता चिडला होता. "ह्याच इंजिनावर अख्खा घाट तिसऱ्यावर चढवलाय मी. धा-धा पोती घालून. वीस वरसं!"

"अख्खा?"

"अख्खा. दुसरा गिअर टाकला न्हाई कधी. कुणालाबी इचारा."

कुणाला विचारायचं ते मिस्त्रींनी विचारलं नाही. त्यांनी फडक्याला हात पुसले.

"मागं पोती हायती?"

"आज मंगळवार न्हवं का? भरलेलीच हायती."

"चल."

मिस्त्री डाव्या बाजूच्या दाराकडे गेले. सर्जेरावाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या जागेवर वर्षभर कुणी बसलं नव्हतं. पोरगा कधी बरोबर असला, तर त्यालासुद्धा तो मागे पोत्यांवर बसवायचा.

मिस्त्री बसले.

गाडी निघाली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. गाडी तिसऱ्यावर होती, आणि सर्जेराव छाती काढून बसला होता. शेजारी उस्ताद असले की त्याचं वय तीस वर्षांनी कमी व्हायचं.

मिस्त्रींनी पायाजवळ काही सापडतं का बघितलं, सीटवरून हात फिरवला, मग समोरचा डॅशबोर्डचा कप्पा उघडला.

आत एक कांदा होता. वाळून गेलेला. त्याला कधीतरी कोंब फुटला होता आणि तोही वाळला होता.

"ते ऱ्हाऊ द्या," सर्जेराव झटकन म्हणाला.

"हे काय?"

"तिचंच हाय ते… पोती शिवायच्या आधी एक कांदा बाहेर काढून हितं ठेवायची. म्हसोबासाठी. त्या मंगळवारीबी ठेवला. आणि गाडी सुरू करायला गेलो तवर अंगणातच पडली."

मिस्त्रींनी कांदा तळहातावर घेतला. त्याला वजनच नव्हतं.

"म्हसोबा म्हंजे चाफ्याच्या अलीकडचा?"

"त्योच. वळणाच्या जरा अलीकडं, तुमच्या बाजूला. मी लय हसायचो तिला. चालत्या गाडीतनं कांदा टाकून देव पावतोय व्हय, म्हणायचो. पर ती ऐकती कुठली! दगूड दिसला की, 'अवं, सावकाश घ्या,' आणि हात बाहेर."

"आता?"

"आता कोण हाय म्हणायला…"

इंजिन तेवढं बोलत होतं, आणि त्याचा सूर हळूहळू जड होत चालला होता.

शेंदूर फासलेला दगड दिसला.

मिस्त्रींनी खिडकीतून हात बाहेर काढला. हातात कांदा होता.

"उस्ताद, त्यो नको!"

"सावकाश घे," मिस्त्री म्हणाले.

सर्जेरावाचा पाय आपोआप क्लचवर गेला. डाव्या हाताने गिअर ओढला. गाडी मंदावली, म्हसोबासमोरून पायी चालल्यागत गेली, आणि कांदा दगडाच्या पायाशी पडला.

चाफ्याचं वळण आलं.

चाफ्याचं वळण गेलं.

सर्जेराव आरशात मागे पडत जाणारा तो दगड बघत होता. माथ्यावरचं वारं तोंडावर आलं तेव्हा कुठे तो भानावर आला. मग त्याने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. हात गिअरच्या दांड्यावर होता, आणि गाडी दुसऱ्यावर होती.

सपाटीला लागताच त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"मी हसायचो तिला," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "वीस वरसं हसत हुतो…"

मग तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. मातीच्या दिवशी पाहुण्यांच्या सरबराईत जे राहून गेलं होतं, ते सगळं आता बाहेर आलं. मिस्त्रींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ते समोरच्या माळाकडे बघत राहिले.

"मी खाली बसून ऐकायचो," ते म्हणाले. "मंगळवारी तुझी गाडी गेली की कान लावायचो. चाफ्याच्या अलीकडंच दुसरा पडायचा, आवाज बदलायचा. बरोब्बर जागेवर. ऐकून माझी छाती फुगायची. म्हणायचो, ह्याला शिकवलं ते वाया गेलं न्हाई, माझ्या सर्जाला कान हाय."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मलाबी आजच कळलं."

सर्जेरावाने उपरण्याने तोंड पुसलं. डॅशबोर्डचा कप्पा उघडाच राहिला होता. आत कांद्याचं एक पातळ टरफल उरलं होतं, वाऱ्याने हलत होतं. त्याने ते उचललं नाही. नुसतं बघितलं.

"आता हिला काय बसवू, उस्ताद?"

मिस्त्री गाडीतून उतरले. बसून चुरगळलेलं सीटवरचं कापड त्यांनी हाताने सारखं केलं. दार हळूच लावलं, आणि खिडकीतून आत वाकून म्हणाले,

"पोती शिवायच्या आधी एक कांदा बाहेर ठेवत जा."