एकशे तेरावा फोन

"मग मला इतका थकवा का येतो, बाबा? मी तर कुणाला फसवत नाही."

मांडीवर पसरलेल्या गोधडीत फकिराचा टाका चालू होता.

विचारणाऱ्याचं नाव आल्हाद. वय चौतीस-पस्तीस. बाजारात नवा फोन आला, की तो आठवडाभर वापरून पाहायचा आणि कसा आहे ते लोकांना व्हिडिओतून सांगायचा. लाखभर माणसं त्याचं ऐकून फोन घ्यायची. कुठल्याही कंपनीची भेट त्याने कधी घेतली नव्हती. वाईटाला तो वाईटच म्हणायचा. त्याचा त्याला अभिमान होता.

उन्हं कलली नव्हती. गावाबाहेर फकीर बसायचा त्या निंबाखाली पानही हलत नव्हतं.

"कापड आणलंस?" फकिराने विचारलं.

इथे येताना घरातलं एखादं जुनं कापड आणायची रीत होती. फकीर त्या तुकड्यांच्या गोधड्या शिवायचा आणि थंडी पडायच्या आत ज्याला हवी त्याला देऊन टाकायचा.

"नाही आणलं." आल्हाद ओशाळला. "माझ्याकडं जुनं काही राहतच नाही, बाबा. आलेला फोन आठवड्याने परत पाठवायचा. सदरासुद्धा दोनदा दिसला, तर लोक खाली लिहितात, दादा, दुसरा नाही का?"

फकीर हसला. हसता हसता त्याला धाप लागली.

"मग सुई ओवून दे. मला आता भोक दिसत नाही."

आल्हादने दोरा एका फटक्यात ओवला.

"नजर चांगली आहे तुझी."

"तिच्यावरच तर पोट आहे."

"आणि तीच दमली?"

"तीच दमली..."

फकिराने नवा तुकडा गोधडीवर ठेवला, हाताने सारखा केला.

"फोन पाहतोस म्हणजे काय पाहतोस?"

हे विचारल्यावर आल्हाद जरा सावरून बसला. हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

"सकाळी पूर्ण चार्ज करायचा आणि किती वाजता मान टाकतो ते लिहायचं. तासभर गेम चालवायचा, तापतो का बघायचं. गच्चीवर भर उन्हात न्यायचा, पडद्यावरचं वाचता येतं का बघायचं. एकाच वेळी वीस गोष्टी उघडायच्या, अडखळतो का बघायचं. जाहिरातीत काय म्हटलंय ते मी वाचतच नाही. सात दिवसांत फोन स्वतःच बोलायला लागतो."

"सगळं सांगतो?"

"सगळं. माझ्यापासून काही लपत नाही."

"आणि फोटो? लोक तर त्याच्यासाठीच घेतात ना? इथं येणारा प्रत्येक जण माझ्याशेजारी बसून फोटो काढतो. मी कसा दिसतो ते मात्र अजून एकानंही दाखवलं नाही."

आल्हादही हसला. त्या दिवसात पहिल्यांदाच.

"फोटोची माझी पद्धत वेगळी आहे, बाबा. बाकीचे आज फुलाचा काढतात, उद्या डोंगराचा. मग तुलना कशी करणार? मी एकच चेहरा घेतो. तीच खिडकी, तीच खुर्ची, सकाळी नऊचाच उजेड. साडीसुद्धा तीच, जांभळी. म्हणजे रंगात कोण किती खोटं बोलतं, ते लगेच पकडता येतं. चार वर्षं झाली. एकशे बारा फोन आणि एकच चेहरा. अशी पद्धत दुसऱ्या कुणाची नाही."

"कुणाचा चेहरा?"

आल्हादने सुईच्या डबीकडे पाहिलं.

"आईचा."

"...दाखव."

त्याने खिशातून फोन काढला आणि एक फोटो उघडला. सवयीने त्याची दोन बोटं पडद्यावर फिरली. पडदाभर एक पापणी पसरली. पापणीचा केस न् केस वेगळा दिसत होता.

"हे बघा. इतकं स्पष्ट फार थोड्या फोनमध्ये येतं. मी नेहमी इथंच बघतो. पापणी, मग कपाळावरचे केस, मग गालावरच्या सुरकुत्या. फोन खोटा असला, तर सुरकुत्या पुसून टाकतो."

फकिराने फोन हातात घेतला. डोळ्यांपासून लांब धरला. मग अंगठा आणि बोट पडद्यावर टेकवून हळूहळू जवळ आणलं. एकदा जमलं नाही. पुन्हा केलं.

पापणी लहान झाली. डोळा आला, चेहरा आला, खांदे आले. खुर्ची आली. खिडकीशी बसलेली अख्खी बाई आली.

"अहो, तुम्हाला हे येतं?"

"नातवंडांचे फोटो दाखवणाऱ्या बायकांनी शिकवलं." फकीर बराच वेळ पाहत राहिला. "हिनं पोट धरलंय."

आल्हाद पडद्यावर वाकला.

"डावा हात खुर्चीच्या दांडीवर, आणि उजव्यानं पोट दाबून धरलंय. याच्या आधीचा दाखव."

त्याने आधीचा दाखवला. त्यातही हात तिथेच होता. त्याच्या आधीच्या फोटोतही. सात फोटो मागे गेल्यावर दोन्ही हात मांडीवर सुटे दिसले.

निंबावर एक कावळा येऊन बसला आणि न ओरडताच उडून गेला.

"तुला ठाऊक होतं," फकीर म्हणाला.

"आता ठाऊक आहे..." आल्हाद म्हणाला. "हात मी आज पाहिला. पण आजार ठाऊक आहे."

फकिराने सुई कापडात खोचून ठेवली.

"दिवाळीनंतर एक फोन आला होता, बाबा. त्यात आई पिवळी दिसली. गाल पिवळे, डोळ्यांतलं पांढरं पिवळं. मी तीनदा काढला, तरी तसंच. मी व्हिडिओत सांगितलं, या फोनला माणसाच्या कातडीचा रंग कळत नाही. दोन गुण कापले. लोकांनी खाली लिहिलं, दादा, काय नजर आहे तुमची!"

"मग?"

"पुढच्या आठवड्यातल्या फोनने तिला गोरीगुलाबी दाखवलं. त्याला मी दहापैकी साडेनऊ दिले."

"...मग?"

"संक्रांतीला समोरच्या काकू वाण घेऊन आल्या. त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या, अगबाई, वहिनी, डोळे किती पिवळे झालेत तुमचे! आल्हाद, अरे, घरात असतोस ना तू?" त्याने तोंडावरून हात फिरवला. "दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. यकृतापाशी गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आला असतात, तर कापून काढता आली असती. आता नुसती औषधं. किती दिवस, ते त्यांनी नीट सांगितलं नाही. मीही नीट विचारलं नाही."

फकिराने डोळे मिटले.

"तो फोन खरा होता, बाबा."

"हं."

"एकशे बारा फोनांत तो एकच खरं बोलला आणि मी त्याला खोटा ठरवला. मी ठरवलंय, तो व्हिडिओ काढून टाकणार. नवीन करणार. चूक झाली म्हणून हात जोडून सांगणार, त्याचे दोन गुण त्याला परत देणार. माझ्या कामात एवढा प्रामाणिकपणा तर..."

"फोन खूश होईल," फकीर म्हणाला.



मग आल्हादने पिशवीतून एक पांढरं खोकं काढलं. वरचं प्लॅस्टिकही अजून फाडलेलं नव्हतं.

"हा एकशे तेरावा. चार दिवस झाले येऊन. उघडलाच नाही. लोक विचारतायत, दादा, कधी सांगताय? सगळे म्हणतात, यंदाचा सगळ्यात भारी फोन आहे. असेल. मला आता भारी-हलकं काही कळत नाही. हातात घेतला की बोटं आपोआप मोठं करायला लागतात, आणि मला वाटतं, आता काय दिसेल आणि मी त्याला काय म्हणेन..."

"आईला माहीत आहे, नवा आलाय ते?"

"तिनंच घेतला दारात. रोज सकाळी नऊला साडी नेसून खिडकीत जाऊन बसते. जांभळीच. इतकी वाळलीय, की आता एक वेढा जास्त घ्यावा लागतो तिला. म्हणते, ये रे, उजेड जाईल. मी म्हणतो, आज बॅटरी बघतोय, उद्या काढू. आज तर काही न सांगताच निघून आलो. अजून बसलीही असेल. तिचा काय भरवसा..."

"तिला फोनमधलं कळतं?"

"छे. कोणता कुठला, तिला सगळे सारखेच."

"मग चार वर्षं कशाला बसली?"

"मी बस म्हणायचो म्हणून." तो थांबला. "मी दिवसभर कानात इयरफोन लावून कामात असतो, बाबा. जेवतानाही समोर पडदा. तेवढीच दहा मिनिटं मी तिच्यासमोर..."



"फोटो काढून झाला की काही म्हणते?"

"दर वेळी एकच. मी नीट दिसते का रे?"

"तू काय सांगतोस?"

आल्हादने मान खाली घातली.

"सांगतो... हो, पण सावलीच्या भागात फोटोत जरा दाणे येतात."

फकिराच्या छातीतून एक आवाज निघाला. तो हसला की कण्हला, ते कळलं नाही. त्याने दोन्ही हात जमिनीला टेकले, एकदा गुडघा धरला आणि मोठ्या कष्टाने उभा राहिला. बुंध्याशी ठेवलेल्या माठातून पेलाभर पाणी आणून आल्हादपुढे धरलं. आल्हाद ते प्यायला.

"बाबा, माझी माणसाकडे बघायची रीतच बिघडलीय. आता तिच्यासमोर फोन धरून उभं राहवत नाही. नुसतं जाऊन बसावं, तर तेही धैर्य होत नाही. तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं, तर तिला सगळं कळेल. डॉक्टर काय म्हणाले, ते मी तिला सांगितलेलं नाही. दोन महिन्यांचं तर नाहीच नाही..."

"तिला कळलं नसेल असं वाटतं तुला?"

"...माहीत नाही."

"एवढी वर्षं खिडकीत बसून ती कुणाकडे बघत होती?"

आल्हादने वर पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. ते त्याने पुसले नाहीत.

फकिराने पांढरं खोकं उचललं, नखाने वरचं प्लॅस्टिक फाडलं आणि उघडून त्याच्या हातात दिलं.

"घरी जा. आता ऊन उतरेल."

"जातो. पण जाऊन करू काय? तिच्यासमोर कसा उभा राहू?"

"उभा राहू नकोस," फकीर म्हणाला. "आज खुर्चीत तू बस. फोन तिच्या हातात दे."