भिवाजीची नवी चाकं

घाटमाथ्यावरच्या एका गावात भिवाजी नावाचा एक जीपवाला राहत होता. पंचवीस वर्षं तो गावची माणसं घाट उतरून तालुक्याला नेत-आणत होता, पण त्याच्या जीपला कधी साधा ओरखडा आला नाही. अरुंद वळणावर समोरून एसटी आली, की तो डावी चाकं रस्त्याकडेच्या मुरमावर अलगद उतरवायचा आणि एसटी गेली, की तितकीच अलगद वर घ्यायचा. डाव्या हाताला सरळ दरी. तरी आत बसलेल्या म्हातारीची डुलकी मोडायची नाही. असा हात शंभरात एखाद्यालाच लाभतो.

गावाला त्याचं कोण कौतुक! पंचवीस वर्षं भरली तेव्हा सरपंच वत्सलाक्कांनी घरोघरी वर्गणी काढली, स्वतः शहरात जाऊन रुंद, चकचकीत चाकं निवडली आणि हारतुऱ्यांसह त्याच्या जीपला बसवली. चाकं जीपच्या अंगाबाहेर डोकावत होती. ऐट काय विचारता! भिवाजीचे डोळे भरून आले.

पण दुसऱ्या दिवसापासून घाटात काहीतरी बिनसलं. डावं चाक मुरमावर उतरून जरा रुतलं, की स्टेअरिंग हिसका देऊन दरीकडे वळायला बघायचं. खड्डा आला, की तडाखा थेट मनगटात बसायचा. गावानं मायेनं दिलेल्या चाकांवर संशय घ्यावा, हे भिवाजीच्या मनालाही शिवलं नाही. त्याला वाटलं, आपले हातच थकले. दोन दिवसांनी गावची बारा पोरं परीक्षेला खाली न्यायची होती. त्याचा धीर सुटला. जीप विकायची असं ठरवून तो पायथ्याच्या गॅरेजवाल्या नूरमिस्त्रींकडे गेला.

मिस्त्रींनी चाकापाशी उकिडवं बसून बोटांनी माप घेतलं आणि ते हसले.

“हात नाही थकले, भिवाजीभाऊ. चाक दोन बोटं बाहेर आलंय. दार बिजागरीपाशी ढकललं तर हलत नाही, पण कडेला ढकललं तर बोटानं फिरतं. तसंच हे. चाक बाहेर गेलं, की रस्ताच ते धरून फिरवतो. तुमची जुनी चाकं लावा.”

भिवाजीच्या जिवात जीव आला. पण लगेच तोंड उतरलं. गावाला काय सांगायचं?

“चोरीला गेली म्हणा,” मिस्त्री म्हणाले. “कुणाचं मन दुखायला नको.”

परीक्षेच्या दिवशी सकाळी पोरांना निरोप द्यायला सगळा गाव जमला. भिवाजीची जीप आली, ती जुन्या, गंजक्या चाकांवर. कुजबुज सुरू झाली.

“भिवा, गावानं दिलेली चाकं कुठं हायेत?” वत्सलाक्कांनी विचारलं.

 चोरीची थाप भिवाजीच्या ओठांवर आली होती. त्यानं बारा पोरांकडे पाहिलं आणि ती गिळली.

“घरी ठेवलीत, अक्का. तुमची माया मोठी, पण ती चाकं घाटाची न्हाईत. स्टेअरिंग दरीकडं वढतंय. ती लावून मी पोरं न्यायचो न्हाई.”

“आता गावाची भेट वाईट झाली व्हय रं?” गर्दीतून कुणीतरी फटकारलं. भिवाजी मान खाली घालून उभा राहिला, पण शब्द मागे घेतला नाही.

वत्सलाक्कांचा चेहरा पडला होता. त्यांनी आपल्या नातवाचा हात धरला आणि त्याला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं.

“चाकं मी निवडली, चूक माझी,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “ह्यो बोलला नसता, तर आपण टाळ्या वाजवत आपलीच पोरं दरीकडं धाडली असती.”

मग एकेक आई पुढे झाली आणि आपलं पोर भिवाजीच्या हवाली करू लागली.

तात्पर्य: मायेनं मिळालेला मानही पारखून घ्यावा. ज्याच्या भरवशावर दुसऱ्यांचे जीव असतात, त्यानं वेळेला वाईटपणा पत्करावा, पण धोका पत्करू नये.