राजाला लागलेली भूक

फार पूर्वी चंपकपुरात अरिंदम राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व एका साध्या घरात जन्मून पुढे त्या राजाचे न्यायामात्य झाले. लोक त्यांना क्षेमदत्त म्हणत.

एका वर्षी पुरात नदीकाठची बांबूची बेटे वाहून गेली. बुरूडआळीत टोपल्या विणायला काही उरले नाही. आईबाप मिळेल ते काम करीत. एखाद्या दिवशी चूल पेटे, एखाद्या दिवशी नाही. धाकट्यांच्या तोंडी घास पडे, आणि वयात आलेली मुले-मुली "आम्ही बाहेर खाऊन आलो" असे सांगून उठत. हळूहळू ती बदलली. आचार्यांपुढे बसल्या जागी पेंगत, पाणवठ्यावर क्षुल्लक कारणावरून भांडत. एका मुलीला घागर उचलताना भोवळ आली. शेवटी काही जणांनी राजाच्या आमराईचे कुंपण मोडले आणि राखणदाराला दगड मारला.

या अपराधाला हद्दपारीची शिक्षा होती. राजा म्हणाला, "अमात्य, नगराच्या उत्सवापूर्वी हा त्रास संपवा. मग महामात्याची जागा तुमचीच."

मुलांना सभेत आणले. पुढे भद्रिका नावाची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी उभी होती. बोधिसत्त्वांनी नाव विचारताच ती फिस्कारली, "माहीत असून कशाला विचारता?"

तिचे ओठ फिकट होते.

"आज काय खाल्लंस?" बोधिसत्त्वांनी विचारले.

ती म्हणाली, "आज धाकट्यापुरतंच होतं."

बोधिसत्त्व आसनावरून उठले. "या मुलांचं पोट भरल्याशिवाय मी हा खटला ऐकणार नाही."

राजा रागावला. "भूक मलाही माहीत आहे. दर पौर्णिमेला मी उपवास करतो. कुणाला दगड मारत नाही."

"महाराज, उपवास कधी सुटणार ते आपल्याला ठाऊक असतं. यांना नसतं. उद्या पाकशाळेला सांगून ठेवा, की जेवण कधी येईल हे त्यांनी आपल्याला कळू देऊ नये. येईल की नाही, तेही नको."

राजाने हसतच मान्य केले. दुसऱ्या दिवशी सकाळ बरी गेली. दुपारी पाऊल वाजले की तो दाराकडे पाहू लागला. माहुताला त्याने उगाच झापले. मंत्री धरणाविषयी बोलत असता त्याला डुलकी लागली. राणीने प्रकृती विचारली, तर तिच्यावर खेकसला. संध्याकाळी बागेत माळी काकडी खायला बसला होता. राजाने ती त्याच्या हातून हिसकावून घेतली आणि मोठा घास घेतला. माळी पाहतच राहिला. राजाही थबकला, आणि मग इतका हसला की डोळ्यांत पाणी आले.

तो तसाच बोधिसत्त्वांकडे गेला. "एका दिवसात मी माळ्याला लुटलं. ही मुलं तर पुरापासून अशी आहेत. आता निवाडा सांगा."

"कुंपण त्यांनी दुरुस्त करावं, राखणदाराची क्षमा मागावी. पण आधी जेवण. रोज, ठरल्या वेळी. मला महामात्यपद नको, त्याऐवजी बुरूडआळीत एक पाकशाळा द्या."

राजाने कोठाराची दारे उघडली. मुलांनीच चुली मांडल्या. काही दिवसांत त्यांच्या गालांवर रंग आला. पाठ ध्यानात राहू लागले, भांडणांच्या जागी थट्टा आली. राखणदारही पंगतीला बसू लागला. उत्सवाच्या दिवशी राजा स्वतः तेथे जेवायला गेला आणि भराभर खाऊ लागला. वाढणाऱ्या भद्रिकेला हसू आवरेना.

"सावकाश, महाराज," ती म्हणाली. "उद्याही आहे."

ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या जन्मीचा अरिंदम म्हणजे आज दारी आलेल्या कुणालाही विन्मुख न पाठवणारा उपासक धनपाल. भद्रिका म्हणजे आजाऱ्यांना पेज भरवणारी भिक्षुणी उत्तरिका. न्यायामात्य मीच होतो. समोरच्याच्या रागामागची भूक ओळखणं, याला मी मैत्री म्हणतो."