डाव्याचा आवाज

मोटारसायकली पेट्रोलात तेल मिसळून पीत, त्या काळची गोष्ट. दत्तोबा कासारांच्या गाडीला इंजिन एकच होतं, पण सायलेन्सर दोन. डावा घसा फोडून फटफट करायचा, उजवा नुसता कुजबुजायचा.

"त्या उजव्याकडून शीक काहीतरी!" दत्तोबा रोज डाव्यावर खेकसायचे.

"अहो मालक, त्याच्या वाटणीचा धूरही मीच ओकतोय!" डावा ओरडून सांगायचा. पण ओरडणाऱ्याचं ऐकतं कोण?

एके दिवशी वैतागून दत्तोबांनी डाव्याच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला. गाडी गचके खात बंदच पडली. किका मारमारून दत्तोबांच्या पोटऱ्या भरून आल्या.

"मालक," इंजिन धापा टाकत म्हणालं, "डाव्याचं तोंड तुम्ही बांधलंत. उजव्याचं काजळीनं कधीच बुजलंय. आता मी श्वास सोडू कुठून?"

चरफडत दत्तोबांनी बोळा काढला आणि उजव्यात तार घातली. ओंजळभर काजळी बाहेर पडली. मग एकाच किकेत गाडी सुरू झाली. दोन्ही सायलेन्सर आता सारख्याच, बेताच्या आवाजात बोलू लागले.

दत्तोबांनी खुशीत डाव्यावर फडकं फिरवलं. "बघ, तोंड बांधल्यावर कसा वळणावर आलास!"

डाव्याला हात असता, तर त्यानं तो कपाळावर मारून घेतला असता.