चित्र वाढलं

एक होता राजा. राजे काय, गोष्टींत पैशाला पासरी असतात. पण या राजाच्या लेकीला झोपच येत नसे. तुझ्यासारखीच गं सुमे. आधी पाय आवर, नाहीतर मी इथेच थांबते.

लेकीचं नाव चंपावती, वय पाच वर्षं. वैद्य झाले, हकीम झाले, जायफळ उगाळून झालं. पोर आपली टक्क जागी. राजा बिचारा पार वाळून गेला होता.

मग एके संध्याकाळी दाई धावत आली. म्हणाली, "महाराज, चंपाताई झोपल्या. खिडकीशी बसल्या बसल्या झोपल्या." दुसऱ्या संध्याकाळीही तसंच. तिसऱ्याही.

खिडकीतून काय दिसत होतं, तर समोरचा माळ. त्या माळावर ठकू नावाची धनगरीण मेंढरं चारायची. चाळीस मेंढरं आणि ही एकटी. तिला एक नाद होता बरं का. मेंढरं चरत असली की ही जमिनीवर चित्र मांडायची. पळसाची फुलं, वाळकी पिंपळपानं, बाभळीच्या शेंगा, पांढऱ्या गारगोट्या. कधी मोर, कधी कासव, कधी नुसतंच गोल गोल. आणि सांजेला घरी निघताना सगळी मेंढरं त्या चित्रावरून न्यायची. शेंगा खाल्ल्या जायच्या, पानं विस्कटायची. ठकू म्हणायची, "चला, चित्र वाढलं."

मोडलं म्हणायची नाही. आपण नारळ फोडतो का? वाढवतो. बांगडी फुटते का? वाढते. तसंच ते.

राजाला कुठलं हे ठाऊक. त्याला वाटलं, चित्र बघूनच पोरीला झोप लागते. त्याने फर्मान काढलं. "आजचा मोर तसाच राहील. मोडला, तर धनगरणीने मेंढरांसकट राज्याबाहेर चालू पडायचं." शिपायांनी मेंढरं काट्यांच्या वाडग्यात कोंडली आणि ठकूला मोराशेजारी राखणीला बसवलं. आता फुलापानांचा मोर, तो किती टिकणार? पण अतिशहाण्याला कोण सांगणार, राजा असला म्हणून काय झालं.

पहिल्या दिवशी फुलं सुकली. मोराचा पिसारा काळा पडला. राजाचा जासूद विचारायला आला. ठकूला खोटं बोलवेना, आणि अभद्र तर तोंडातून निघेना. ती म्हणाली, "थोडं वाढलं बघा." जासूद शहरातला. त्याने जाऊन सांगितलं, "महाराज, चित्र वाढलं." राजा खूश झाला. पण चंपा काही झोपली नाही.

दुसऱ्या दिवशी वावटळ आली आणि पानं घेऊन गेली. ठकूने पदर पसरला, वर आडवी पडली, काही उपयोग झाला नाही. जासूद आला. "अजून वाढलं," ठकू म्हणाली. राजा आणखी खूश. पण चंपा त्याही दिवशी जागीच.

तिसऱ्या दिवशी उपाशी मेंढरांनी वाडगं मोडलं आणि माळावर येऊन उरलेल्या शेंगा फस्त केल्या. ठकूने त्यांना हाकललं नाही. लेकरं भुकेली होती, कसं हाकलणार? जासूद आला. ती म्हणाली, "सगळंच वाढलं." आणि बोचकं बांधायला लागली. जन्म गेला होता त्या माळावर. जायचं कुठे, हेही तिला ठाऊक नव्हतं.

राजा म्हणाला, "एवढं वाढलंय तर बघून येऊ." लेकीला कडेवर घेऊन आला. बघतो तर काय, चार गारगोट्या आणि लेंड्या.

"हे तर मोडलंय," राजा म्हणाला.

ठकू हात जोडून म्हणाली, "आमच्यात मोडलं म्हणत न्हाईत, म्हाराज. वाढलं म्हणत्यात. निघतेच मी."

राजा रागाने लालबुंद झाला. तेवढ्यात चंपा कडेवरून उतरली आणि गारगोट्या गोळा करायला लागली. म्हणाली, "बाबा, मोर नको. रोज मेंढ्या चित्रावरून जायच्या ना, ते बघून मला झोप यायची. एक मेंढी, मग दुसरी, मग तिसरी. आता जातच नाहीत."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही."

आता कुठे राजाला उमगलं. सगळ्यांना विचारलं होतं त्याने, वैद्याला, हकिमाला. लेकीलाच तेवढं विचारायचं राहिलं होतं. त्याने ठकूचं बोचकं स्वतः सोडलं आणि म्हणाला, "ठकूबाई, चुकलो मी. माळ तुमचाच." ठकूने इतका मोठा श्वास सोडला की शेजारची मेंढी दचकली.

मग तिघांनी मिळून कासव मांडलं. राजाने आणलेली पानं सगळी किडकी होती, पण ठकूने चालवून घेतली. सांज झाली. चंपाने हाळी दिली, "या गं, वाढवा." मेंढरं निघाली. एक गेली, दुसरी गेली. तिसरी जाईपर्यंत पोर बापाच्या खांद्यावर गाढ झोपली होती. घरी पोचेपर्यंत राजाही पेंगत होता.

झालं. ठकू माळावर सुखात राहिली, राजा महालात सुखात राहिला. आता आपली गोष्ट संपली, असं म्हणू नये बरं का. गोष्ट वाढली. सुमे? अगं सुमे?

झोपली वाटतं. चला, सुटले एकदाची.