चार ढेपा गूळ

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावाला उन्हाळ्यात प्यायला पाणी नव्हतं.

एका वर्षी दूरच्या मुलखातून दगड फोडणारी माणसं आली. त्यांनी चार महिने घाम गाळून गावात विहीर खणली. पाणी लागलं तेव्हा गावानं त्यांना शब्द दिला, “जाण्याआधी पोटभर पुरणपोळी खाऊन जायचं.”

घरोघरून पैसे जमा झाले. डाळ गावातलीच होती, गूळ तेवढा विकत आणायचा होता. पंचवीस शेर गूळ लागणार होता आणि गाठीला बरोबर शंभर पैसे होते. हे काम सगुणा बुरडिणीवर सोपवलं, कारण टोपल्या विकायला ती दर आठवड्याला बाजारात जायची.

सगुणा आणि तिची धाकटी जाऊ मथुरा सकाळीच बाजारात पोचल्या. टोपल्यांना गिऱ्हाईक लागलं होतं, म्हणून सगुणा मथुरेला म्हणाली, “तू पुढे हो. नागूशेठकडून गूळ घेऊन ये. ते चार पैसे शेर देतात.”

मथुरा निघाली. वाटेत डफ वाजत होता. रंगीत पागोटं घातलेला एक नवा व्यापारी मंचावर उभा होता. त्याच्या मागे गोणपाटात शिवलेल्या गुळाच्या ढेपा रचल्या होत्या.

“ढेपेचा मूळ भाव साठ पैसे,” तो ओरडत होता, “आज फक्त पन्नास. शिवाय एका ढेपेवर दुसरी ढेप फुकट. त्या झाडाची सावली माझ्या मंचाला टेकली की सवलत संपली.”

मथुरेनं सावलीकडे पाहिलं. सावली हातभर अंतरावर आली होती. ढेप म्हणजे दहा शेर, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. चार ढेपा म्हणजे चाळीस शेर, आणि तेही शंभर पैशांत. नागूशेठच्या दुकानात ना डफ होता ना सवलत. तिनं शंभर पैसे मोजून दिले आणि चारही ढेपा डोक्यावर घेऊन ती हसत परत आली.

“आक्का, पंचवीस शेरांच्या जागी चाळीस शेर आणला. गावात माझं नाव काढतील बघ.”

सगुणेनं तिच्या डोक्यावरच्या ओझ्याकडे पाहिलं. “चाळीस शेर? तू एकटीनं आणलास?”

“हो की.”

“काल पाण्याचा हंडा उचलताना तुझी मान दुखत होती.”

मथुरेचं हसू जरा कमी झालं. सगुणेनं एक ढेप खाली उतरवली, उलटी केली आणि गोणपाटाची शिवण उसवली. ढेपेच्या बुडाला मोठा खळगा होता. त्यात उसाचं वाळकं पाचट ठासून भरलं होतं.

“टोपलीचं बूड असं वर उचलून विणलं, की ती बाहेरून मोठी दिसते आणि आत माल कमी मावतो,” सगुणा म्हणाली. “माझ्या सासऱ्यांनी मला हे पहिल्याच दिवशी दाखवलं होतं, कधी करायचं नाही म्हणून.”

दोघी ढेपा घेऊन नागूशेठकडे गेल्या. नागूशेठ म्हातारा आणि थोडा तिरसट माणूस होता. त्यानं तागडी काढली. पाचट काढून तोललं तेव्हा एकेक ढेप पाच शेर भरली. चार ढेपा मिळून वीस शेर.

“याच शंभर पैशांत मी पंचवीस शेर दिला असता,” नागूशेठ म्हणाला. “म्हणजे फुकटच्या दोन ढेपा तुम्हांला पाच शेराला पडल्या.”

मथुरेच्या डोळ्यांत पाणी आलं. “शेवटची पंगत पोळीवाचून उठेल, आक्का. चार महिने खपलेल्या माणसांना मी काय तोंड दाखवू?”

“रडू नको, चल,” सगुणा म्हणाली. “शेठ, तुमची तागडी घटकाभर द्याल का?”

“आणि मी गिऱ्हाइकांना काय हातानं तोलून देऊ?” नागूशेठ कुरकुरला. पण त्यानं तागडी दिली आणि स्वतःही मागोमाग निघाला.

मंचापाशी अजून गर्दी होती. सावली टेकून केव्हाच पुढे सरकली होती. आता व्यापारी दुसऱ्या झाडाची सावली दाखवत होता.

“दादा, ढेपा परत घ्या आणि पैसे द्या,” सगुणा म्हणाली. “वजन कमी आहे.”

“वजनाचा शब्द मी उच्चारलाच नाही, बाई. मी ढेप म्हणालो, ढेपच दिली. आणि फुकटच्या वस्तूचं कुणी वजन करतं का?”

“मग फुकटची राहू द्या. विकतची तेवढी तोलते.”

लोक हसले. सगुणेनं मंचाशेजारच्या फांदीला तागडी टांगली आणि आपली ढेप सगळ्यांसमोर तोलली. पाच शेर. मग ती शांतपणे लोकांना म्हणाली, “कुणाला आपली ढेप तोलायची असेल तर तोला. तागडीला पैसे पडत नाहीत.”

एक तेली पुढे झाला. त्याच्या मागून एक लेकुरवाळी बाई आली. मग रांगच लागली. शिवणी उसवल्या, पाचटाचा ढीग झाला, आणि एक गाय येऊन तो खाऊ लागली. डफ केव्हा थांबला ते कुणाला कळलंही नाही.

व्यापारी घाईघाईनं खाली उतरला. त्यानं शंभर पैसे सगुणेच्या ओंजळीत टाकले आणि हळूच म्हणाला, “हे घ्या, पण ही तागडी इथून हलवा.”

“तागडी शेठची आहे, ती त्यांच्या दुकानी जाईलच,” सगुणा म्हणाली. “पण यांनी जे पाहिलं, ते मी कसं परत नेऊ?”

संध्याकाळपर्यंत व्यापाऱ्याला सगळ्यांचे पैसे परत करावे लागले. नागूशेठनं पंचवीस शेर गूळ तोलून दिला आणि वर मूठभर गूळ मथुरेच्या हातावर ठेवला. “हा मात्र खरंच फुकट,” तो म्हणाला आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

दुसऱ्या दिवशी गावात पुरणपोळ्या झाल्या. मथुरेनं स्वतः वाढलं. शेवटच्या पंगतीतल्या म्हाताऱ्या पाथरवटानं पाचवी पोळी नको म्हणून पानावर दोन्ही हात आडवे धरले, तेव्हा ती समाधानानं खाली बसली.

पुढच्या बाजाराला तो व्यापारी पुन्हा आला. या वेळी त्यानं डफ आणला नव्हता. मंचावर तागडी टांगली होती आणि गुळाचा भाव होता चार पैसे शेर. मथुरेनं त्याचा गूळ तोलून पाहिला, नागूशेठचा भाव विचारला, आणि मगच कनवटीला हात घातला.

तात्पर्य: फुकट काय मिळतं हे पाहण्याआधी, दिलेल्या पैशांत पदरात किती पडतं ते तोलून पाहावं.